तळं समुद्राला मिळतं का

अल हिलाल, दोहा
८ ऑक्टोबर २०२१

कैवल्यदादा,

मी उल्का. अमेयदादाची बहीण. एकदा व्हिडिओ कॉलवर दादा म्हणाला होता, "हा माझा रूममेट, हाय म्हण," आणि मी फोन आईच्या हातात देऊन पळून गेले होते. ती मी.

तुझा पत्ता दादाच्या सामानाच्या खोक्यावर मिळाला. खोकं तू पाठवलंस ते आलं, पण उघडलेलं नाही. आई म्हणते, ज्याचं आहे तो येऊन उघडेल.

पत्र का लिहिते विचारशील. आमच्या घरात सगळे फोन आईकडे असतात. डायनिंग टेबलवर ओळीने ठेवलेले, चार्जिंगला लावून. दादाचा फोन कुठल्या नंबरवर येईल सांगता येत नाही म्हणून. आणि फोन असता तरी मी बोलले नसते. मला बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण समोर कुणी असलं की आवाज घशात अडकतो. शाळेत मोठ्याने वाचायला उभं केलं की अख्खा वर्ग हसायचा. दादा गेल्यावर, म्हणजे हरवल्यावर, मी दहावीच दिली नाही. आई घरी एकटी राहायला नको, असं बाबा लोकांना सांगतात. खरं काय ते मला माहीत आहे.

बाबांना पोलिसांनी एवढंच सांगितलं की अमेय मासे पकडताना बोटीतून पडला, सापडला नाही. बोटीत दोघंच होतात, तू आणि तो. त्या दिवशी काय झालं ते सांगशील? ते जड जात असेल तर दुसरं काहीही सांग. तुम्ही मासे कसे पकडायचात ते सांग. आमच्या घरी मासे बंद झाले. आणि दादाबद्दल कुणी बोललं तर "येईल तेव्हा" असंच बोलायचं असतं.

इथे घरी टपाल येत नाही, बाबांच्या ऑफिसच्या पेटीवर लिही. बाबा फोडणार नाहीत. ते हल्ली काहीच उघडून बघत नाहीत.

उल्का

•

पोर्ट क्रेडिट, मिसिसॉगा
२ नोव्हेंबर २०२१

उल्का,

तुझं पत्र बरेच दिवस खिशात घेऊन फिरलो. अमेय म्हणायचा, "माझी बहीण बोलत नाही, पण घरात कुठली वस्तू कुठे आहे ते तिलाच विचारावं लागतं." मला तू तशीच वाटलीस.

मासे पकडायचं सांगतो. तो आला तेव्हा फुशारकी मारायचा, आम्ही कतारचे, बाबांबरोबर रुवैसला नुसत्या हाताने दोरी टाकून एवढाले हामूर काढलेत. मी म्हटलं, चल, दाखव. इथलं तळं म्हणजे समुद्रच आहे. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, फक्त पाणी गोडं. पहिल्या दिवशी त्याने ओंजळभर पिऊन बघितलं आणि म्हणाला, "मीठ विसरले रे हे लोक."

इथे गळ टाकून बसत नाहीत. घरमालकाची छोटी बोट होती, ती आम्ही हळूहळू चालवत ठेवायचो. मागे दोऱ्या सोडायच्या. सॅल्मन खोल असतो, गार पाण्यात, म्हणून तारेला शिशाचा जड गोळा लावून खाली सोडतात आणि दोरी त्याला चिमट्याने अडकवतात. रॉड वाकून राहतो. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि रॉड ताडकन सरळ होतो. त्या क्षणाला अमेय काय ओरडायचा! शेजारच्या बोटीतले गोरे म्हातारे हसायचे. ट्राउट लागला तर तो तोंड पाडायचा. त्याला सॅल्मनच हवा असायचा.

कारण त्याला सॅल्मनची एक गोष्ट फार आवडायची. हे मासे नदीत जन्मतात, तळ्यात येऊन मोठे होतात, आणि काही वर्षांनी परत जातात ते बरोबर त्याच नदीत, जिथे जन्मले तिथेच. कुणी दाखवत नाही. वासावरून जातात म्हणे. शरद ऋतूत आम्ही पुलावर उभे राहून बघायचो. पाण्याला उलटे भिडत वर चढायचे.

त्या दिवसाचं नंतर लिहितो. रागावू नकोस.

कैवल्य

•

अल हिलाल
२६ नोव्हेंबर २०२१

कैवल्यदादा,

मी एक चूक केली. तुझी माशांची गोष्ट आईला सांगितली.

मुद्दाम नाही. ती भाजी फोडणीला टाकत होती, मी शेजारी उभी होते, आणि तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "आई, दादा पकडायचा ते मासे जन्मले तिथे परत जातात." आईने गॅस बंद केला.

"जन्मले तिथेच?"

"हो."

"कितीही लांबून?"

मी हो म्हटलं. ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की मी तुझं पत्र आठवून आठवून सगळं सांगितलं, वासाचं पण.

तुला माहीत नसेल, दादा जन्मला तेव्हा आईबाबा रुवैसला राहायचे. बाबा तिथे बंदराच्या कामावर होते. आता दर शुक्रवारी आई गाडी काढते आणि मला घेऊन तिकडे जाते. आधी दीड तास नुसतं वाळवंट, मध्ये तंबूसारखं नवीन स्टेडियम दिसतं, मग रुवैस. किनारा इतका उथळ की ओहोटीला खूप आत चालत गेलं तरी पाणी घोट्याएवढंच. आई चपला काढते आणि आत जाऊन उभी राहते. मी काठावर बसते. ती दुपारपर्यंत उभी असते, एसटी स्टँडवर कुणाला घ्यायला आल्यासारखी.

बाबा म्हणाले, "मधुरा, अगं कॅनडा कुठे, रुवैस कुठे?"

आई म्हणाली, "माशाला कोण पत्ता लिहून देतं?"

बाबा स्टेडियमच्या साइटवरून इतके थकून येतात की भांडायला पण त्यांच्याकडे काही उरत नाही.

आई विचारते, ते तळं समुद्राला मिळतं का? तू नाही म्हणून लिही. प्लीज. तू लिहिलंस की मी तिला दाखवीन आणि खलास होईल.

उल्का

•

मिसिसॉगा
९ जानेवारी २०२२

उल्का,

मिळतं गं. पुढे मोठी नदी आहे, ती समुद्रात जाते. काकू नकाशा उघडतील तर दिसेलच. खोटं कसं लिहू?

आणि एक तुला सांगतो, त्यांना सांगू नकोस. ते सॅल्मन परत जातात ते मरायला जातात. वर चढताना खातसुद्धा नाहीत. अंडी घातली की मरतात, काठाला पडलेले असतात. ही अर्धी गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. चांगली बाजूच लिहावी असं वाटलं. आता वाटतं, सगळी लिहायला हवी होती.

मी अजून जातो पाण्यावर. लोकांना विचित्र वाटतं. मासे आणायला जात नाही, लागला तर सोडून देतो. घरमालक सोबत असतो, तो फार बोलत नाही. अमेय बसायचा त्या बाजूचा रॉड मध्येच ताडकन सरळ होतो. दोरी गुंडाळून घेतली की टोकाला काही नसतं. घरमालक म्हणतो चिमटा सैल झालाय. आम्ही चिमटा बदलला. पुन्हा तेच. आता तो त्या बाजूला दोरी लावतच नाही, आणि का लावत नाही ते मी विचारत नाही.

काकूंना पाण्यात जाऊ देऊ नकोस.

कैवल्य

•

अल हिलाल
१८ मार्च २०२२

कैवल्यदादा,

मागच्या शुक्रवारी आई इतकी आत गेली की ठिपक्याएवढी दिसायला लागली. मग भरती आली. तिथे भरती समोरून येत नाही, बाजूच्या खोलगटांतून पाठीमागे येते. तुला कळतच नाही आणि तुझ्या आणि काठाच्या मध्ये पाणी असतं. मी उभी राहून ओरडायला गेले. आवाज आला नाही. आईला हाक मारायला पण माझा आवाज आला नाही, दादा.

तिथे रहमानभाई असतात, बंदरावर तारेचे मोठे मोठे माशांचे सापळे दुरुस्त करतात. ते उठले आणि कपड्यांसकट पळत पाण्यात गेले. आई छातीएवढ्या पाण्यात होती. त्यांनी तिला ओढत आणलं. वर आल्यावर मला म्हणाले, "बेटी, अम्मी हर जुम्मे को आती है, ना जाल लाती है ना डोरी. मैं समझा कोई मन्नत होगी." मग आईला म्हणाले, "दीदी, ये पानी शरीफ दिखता है, है नहीं." आई त्यांना शुक्रन म्हणाली आणि चपला शोधायला लागली. जसं काही भाजी आणायला आली होती.

त्या दिवशी बाबांनी नाशिकला गुरुजींना फोन लावला, टेबलवरच्याच एका फोनवरून. आई समोर बसलेली. देह सापडला नाही तर दर्भाचा माणूस करतात, पळसाची पानं लावून, आणि त्याला अग्नी देतात. मग बाकीचं सगळं होतं. गुरुजींनी विचारलं, "मृत्यू कुणी प्रत्यक्ष पाहिलाय का?" बाबा म्हणाले नाही, नुसता बेपत्ता. गुरुजी म्हणाले, मग बारा वर्षं वाट बघायची असते.

आई पटकन म्हणाली, "ऐकलंत? बारा वर्षं."

बाबा म्हणाले, "गुरुजी, बारा वर्षांत ही उरायची नाही."

गुरुजी म्हणाले, कुणी पाहणारा असेल आणि त्याने सांगितलं, तर करता येईल. आई उठता उठता म्हणाली, "त्या बोटीतल्या मुलाने सांगू दे मला. माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणू दे. मग करा गवताचा माणूस नि जाळा."

आता सगळं तुझ्यावर आहे. तू काय पाहिलंस?

उल्का

•

मिसिसॉगा
१४ एप्रिल २०२२

उल्का,

मी काही पाहिलं नाही.

हेच मला लिहायचं नव्हतं. सप्टेंबर होता, पण ऊन होतं, म्हणून दोघांनी तरंगायची जॅकेटं काढून ठेवलेली. दुपारी वारा फिरला आणि बोट हलायला लागली. मी म्हटलं परत जाऊ. तेवढ्यात माझा रॉड सरळ झाला. मोठा मासा होता, दोरी नुसती पळत होती. मी दोरीकडे तोंड करून खेचत होतो. अमेय माझ्या मागे जाळं घेऊन उभा. मासा जवळ आला तसं मी म्हटलं, "जाळं दे." दिलं नाही. परत म्हटलं. मग वळलो. जाळं बोटीत पडलेलं होतं.

ओरडला नाही. पडल्याचा आवाजही नाही. मी बोट गोल गोल फिरवली. मदतीची बोट आली, हेलिकॉप्टर आलं. त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, हे तळं फार थंड आहे, ते वर येऊ देत नाही.

पाहिलं असतं तर एकदाच पाहिलं असतं, उल्का. पाहिलं नाही म्हणून अजून बघतोय.

काकूंना मी काय सांगू?

कैवल्य

•

अल हिलाल
२० मे २०२२

कैवल्यदादा,

पाहिलं म्हणून सांग.

मला माहीत आहे तू पाहिलं नाहीस. मला काही फरक पडत नाही. आई आता शुक्रवारची वाट बघत नाही. बाबा कामावर गेले की गाडी काढते. मी किल्ली पिठाच्या डब्यात लपवली, तर टॅक्सीने गेली. मग मी पण तिच्याबरोबर टॅक्सीत बसले. या उन्हात डोकं भाजतं, ती पाण्यात उभी. रहमानभाईंनी तिच्या कमरेला दोरी बांधायला दिली आहे, दुसरं टोक माझ्या हातात. मासा धरून बसावं तशी मी माझी आई धरून बसते. मजा वाटली का वाचताना? मला नाही वाटत.

बाबांना सुट्टी मिळत नाही. फुटबॉल वर्ल्ड कपच्या मॅचेस होईपर्यंत कुणालाच नाही. सगळं शहर तेच बोलतं, किती दिवस राहिले, किती दिवस राहिले. आमच्या घरात पण तेच बोलतात, पण ते दुसऱ्या कशाबद्दल.

तू तळ्याचं खोटं लिहिलं नाहीस, तेव्हा मला वाटलं किती चांगला आहे. आता नाही वाटत. एवढं तरी कर.

आणि वळून का नाही पाहिलंस? एवढा वेळ?

उल्का

•

मिसिसॉगा
७ ऑगस्ट २०२२

उल्का,

उशीर झाला. बऱ्याचदा लिहून फाडलं.

सोबत काकूंसाठी वेगळं पत्र आहे. तू आधी वाच. त्यात पाहिलं असं लिहिलंय. नको वाटलं तर देऊ नकोस. दिलंस तर त्याचं ओझं माझ्यावर, तुझ्यावर नाही.

वळलो नाही कारण मासा मोठा होता.

कैवल्य

मधुराकाकूंना,
सा. न.

मी कैवल्य. अमेयबरोबर बोटीत होतो. इतके दिवस तुमच्याशी बोलायचं धाडस झालं नाही.

काकू, मी पाहिलं. लाट आली आणि तो मागच्या बाजूने पाण्यात गेला. बोटीपासून लांब नव्हता. मी दोरी टाकली, त्याच्यापर्यंत पोचली, पण थंडीने त्याची बोटं वळत नव्हती. तो घाबरलेला नव्हता. माझ्याकडे बघतही नव्हता. जरासं वर, डोक्याच्या वर बघत होता. मग त्याने डोळे मिटले. म्हणाला, "मिटले." आणि पाणी त्याच्यावरून गेलं. तो परत वर आला नाही. मी शेवटपर्यंत बघत होतो.

त्याचं जे करायचं ते करा. वाट बघू नका.

कैवल्य

•

अल हिलाल
२३ सप्टेंबर २०२२

कैवल्यदादा,

तुझं पत्र मी फार दिवस गादीखाली ठेवलं. द्यायची भीती वाटत होती. मागच्या आठवड्यात आई रुवैसहून आली, भिजलेली सलवार तशीच ठेवून टेबलाशी बसली आणि एकेक फोन उचलून चार्ज बघायला लागली. तेव्हा मी ते तिच्यासमोर ठेवलं.

ती हात लावेना. म्हणाली, "तूच वाच. मोठ्याने."

बाबा नुकतेच आले होते, हेल्मेट हातातच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला नाही येणार. आई म्हणाली, "मग राहू दे." आणि पुन्हा फोन उचलला. मग मी वाचलं. आवाज फाटत होता, मध्ये मध्ये थांबत होते, पण वाचलं. तिथे हसणारं कुणी नव्हतं.

आई नुसती ऐकत होती. दोरीचं ऐकलं, बोटांचं ऐकलं. मला वाटलं तिला कळलं, हे बनवलेलं आहे. मग शेवट आला.

ती म्हणाली, "परत वाच."

"कुठलं?"

"म्हणाला ते."

मी वाचलं. मिटले.

आईने बाबांना विचारलं, "तुम्ही सांगितलंत ह्या मुलाला?"

बाबा म्हणाले, "काय सांगितलं?"

"आंघोळीचं."

बाबांना काहीच माहीत नव्हतं. मलाही नाही, मी तेव्हा जन्मले नव्हते. रुवैसच्या घरात शॉवर नव्हता. आई दादाला मोरीत बसवून तांब्याने न्हायला घालायची. तो साबणाला भ्यायचा, डोक्यावर पाणी घेऊ द्यायचा नाही. मग ती तांब्या त्याच्या डोक्यावर वर धरायची आणि विचारायची, "डोळे मिटलेस?" तो म्हणायचा, "मिटले." मग ती ओतायची. ते म्हटल्याशिवाय तिने कधी ओतलं नाही.

आई म्हणाली, "मी तिथे उभी राहून रोज तेच विचारते. डोळे मिटलेस का? त्याने उत्तर दिल्याशिवाय मी पाणी कसं ओतू?"

मग ती उठली आणि बाबांच्या हातातलं हेल्मेट घेऊन खाली ठेवलं. म्हणाली, "गुरुजींना सांगा. तुमच्या मॅचेस झाल्या की जाऊ."

त्यानंतर ती रुवैसला गेलेली नाही. काल मला माझा फोन परत दिला. आपण आता मेसेज करू शकतो, पण हे मला लिहूनच विचारायचं होतं. एवढं खोटं लिहिलंस, त्यात नेमका तो शब्द कुठून आणलास? दादाने तुला कधी सांगितलं होतं ना? हसत हसत, बोटीत बसून, लहानपणीची गोष्ट म्हणून? सांगितलं होतं असं कळव. म्हणजे मला झोप लागेल.

उल्का

•

मिसिसॉगा
१६ ऑक्टोबर २०२२

उल्का,

अमेयने मला ते कधीच सांगितलं नव्हतं. आंघोळ, तांब्या, मला तुझ्या पत्रातून कळलं.

पत्रातलं बाकी सगळं मी बनवलं. लाट, दोरी, बोटं, वर बघणं, सगळं. तो शब्द बनवलेला नाही. मासा खेचत होतो तेव्हा पाठीमागून ऐकू आला. आरडाओरडा नव्हता. आतल्या खोलीतून कुणाला उत्तर द्यावं तसा, साधा. "मिटले." पोलिसांना सांगितला नाही, कारण इंग्रजीत त्याचं काय सांगणार होतो? तुलाही लिहिला नाही. काकूंना खोटं लिहायला बसलो तेव्हा वाटलं, एक तरी गोष्ट खरी असावी.

तू विचारलं होतंस मी वळून का पाहिलं नाही. मासा मोठा होता, हे खरं आहे. पण एवढंच नाही.

मी वळलो नाही, कारण मला वाटलं तो कुणाशी तरी बोलतोय.

कैवल्य